साध्या संहितेतील रंग: यंत्राचा अन्वय आणि आपली लिपी

जुनी हस्तलिखित पोथी ज्यांनी पाहिली असेल त्यांना एक गोष्ट सहज स्मरेल. काळ्या शाईने सलग लिहिलेल्या मजकुरात श्लोकांचे अंक, दंड, ‘उवाच’ यांसारखी पदे आणि शेवटची पुष्पिका पुष्कळदा तांबड्या शाईने लिहिलेली किंवा गेरूने रंगविलेली असे. चुकलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ लावून ती झाकण्याची रीत होती. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार त्या रीतीची आठवण आजही टिकवून आहे. शब्द तोडून न लिहिण्याच्या त्या काळात कोठे थांबावयाचे, कोणाचे भाषण कोठे सुरू झाले आणि ग्रंथ कोठे संपला हे वाचकाच्या डोळ्यांस या रंगांनीच कळत असे.

तमिळ देशातील ताडपत्रांना ही सोय नव्हती. लोखंडी लेखणीने अक्षरे कोरावयाची आणि मग काजळी चोळून ती काळी करावयाची, अशी तेथील पद्धत होती. व्यंजनावर द्यावयाचा ‘पुळ्ळि’ हा बिंदूदेखील लेखक बहुधा गाळीत असत. अशा ताडपत्राचा पदच्छेद वाचणाऱ्याला आपल्या ज्ञानाच्या बळावर करावा लागे. चेन्नईच्या शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयात तमिळ ताडपत्रांप्रमाणेच मराठी हस्तलिखितेही जतन केलेली आहेत. मजकूर आणि त्याची रचना यांचा संबंध डोळ्यांना कसा दाखवावा, या प्रश्नाची दोन निरनिराळी उत्तरे तेथे एका छताखाली नांदत आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

हाच प्रश्न आज संगणकाच्या पडद्यावर पुन्हा उभा आहे. त्याचे जे उत्तर आज प्रचारात आहे ते भारतीय भाषांत लिहिणारांच्या दृष्टीने अपुरे, आणि प्रसंगी घातकही आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते मत सकारण मांडणे हा या पुस्तिकेचा हेतू होय.

साधी संहिता म्हणजे काय

संगणकावर मजकूर दोन प्रकारांनी ठेवता येतो. पहिल्या प्रकारात ठळकपणा, मथळे, याद्या यांची माहिती मजकुराबरोबर अदृश्य रूपाने साठविली जाते. दुसऱ्या प्रकारात जे काही आहे ते सारे अक्षरांच्या रूपाने डोळ्यांसमोर असते. मथळ्याच्या आरंभी हॅशची खूण घालावयाची, भर द्यावयाच्या शब्दाला दोन्ही बाजूंनी तारका लावावयाच्या. पुढे एक रूपांतरक आज्ञावली या खुणा वाचते आणि छापण्यायोग्य पृष्ठ तयार करते. डोनाल्ड नूथ यांनी १९७८ साली पुढे आणलेली टेक् ही अक्षरजुळणीची पद्धत आणि जॉन ग्रुबर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेली मार्कडाउन ही सुटसुटीत खूणभाषा ही या दुसऱ्या प्रकारची प्रसिद्ध उदाहरणे होत.

चेन्नईला ही पद्धत परकी नाही. १९६२ साली स्थापन झालेल्या तेथील गणितविज्ञान संस्थेतील संशोधक, जगभरच्या गणितज्ञांप्रमाणे, आपले निबंध टेक्‌च्या कुळातील खुणांनीच लिहितात. परदेशी नियतकालिकांची अक्षरजुळणी करणारा शहरातील मोठा व्यवसायही खुणांनी युक्त अशा संहितांवरच चालतो. विज्ञानविषयक पुस्तिकांचे भाषांतर करणारालाही ही पद्धत सोयीची आहे. विशिष्ट टंकासाठी विशिष्ट संकेतांत टंकलिखित केलेले कितीतरी मराठी साहित्य तो टंक नाहीसा होताच निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसले. युनिकोडमधील साध्या संहितेवर असा प्रसंग येण्याची भीती फार कमी असते.

रंगांचा उगम एका शब्दकोशात

खुणांनी भरलेली संहिता वाचण्यास मात्र कष्टाची असते. म्हणून ती ज्यात लिहावयाची तो एडिटर खुणा ओळखून मजकुराला निरनिराळे रंग देतो: मथळा एका रंगात, भर दिलेला शब्द दुसऱ्या, दुवा तिसऱ्या. या सोयीला आपण रचनारंजन म्हणू. हे केवळ कार्यक्रमलेखकांचे खेळणे आहे असा अनेकांचा समज असतो. त्यांना हे ऐकून नवल वाटेल की, टंकलेखन चालू असतानाच रंग देणाऱ्या अगदी पहिल्या एडिटरांपैकी एक एका शब्दकोशासाठी घडला. ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी शब्दकोशाचे संगणकीकरण चालू असता आय.बी.एम.मधील माइक काउलिशॉ यांनी १९८५ साली ‘लेक्स’ नावाचा एडिटर तयार केला. मूळ शब्द, उच्चार, व्युत्पत्ती, अवतरणे असे अनेक घटक एकेका नोंदीत गुंफलेले असतात. ते संपादकांना वेगवेगळे दिसावेत, ही त्यामागील निकड होती. त्या कोशाची २० खंडांची दुसरी आवृत्ती १९८९ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९९८ साली व्हिम या एडिटरच्या पाचव्या आवृत्तीत रचनारंजन आले आणि आज ते जवळजवळ प्रत्येक एडिटरात आढळते.

रंग खोटे केव्हा बोलतात

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पडद्यावरचा रंग म्हणजे यंत्राने आपल्या मजकुराचा लावलेला अन्वय होय. परंतु हा अन्वय लावणारे यंत्र आणि शेवटी पृष्ठ तयार करणारे यंत्र बहुधा एक नसते. रूपांतरक संपूर्ण व्याकरणाने संहिता वाचतो. एडिटर मात्र पुष्कळदा ठरीव नमुन्यांशी एकेक ओळ ताडून पाहतो आणि नमुना जुळला की रंग देतो. दोघांचे एकमत असेल तर रंग हा उत्तम मुद्रितशोधक ठरतो. एकमत नसेल तर तो चुकीला सुरक्षिततेचा शिक्का देतो, आणि मग रंग नसलेला बरा असे म्हणण्याची पाळी येते.

तीन उदाहरणे घेऊ. समजा, भाषांतरकाराने गुणाकाराची खूण म्हणून तारका वापरून ३*४*५ असे लिहिले. मार्कडाउनच्या नियमाप्रमाणे त्या दोन तारका ४ या अंकावर भर देण्याच्या खुणा ठरतात. त्या छपाईत गळून पडतात आणि कागदावर ३४५ उमटते. गुणाकार ६० चा, छापला गेला ३४५! एडिटरने ४ हा अंक वेगळ्या रंगात दाखविला तर लिहिणारा तत्काळ सावध होईल. परंतु तारकेपूर्वी मोकळी जागा असलीच पाहिजे असा नमुना एडिटरात बसविलेला असेल, तर काहीच रंगणार नाही आणि चूक तशीच छापखान्यात जाईल.

दुसरे उदाहरण क्रमांकित यादीचे. प्रयोगाच्या पायऱ्या आपण १., २., ३. अशा देवनागरी अंकांनी लिहितो. मार्कडाउनचे जे काटेकोर प्रमाण २०१४ साली कॉमनमार्क या नावाने पुढे आले, त्यात यादीचे अंक म्हणून केवळ आंतरराष्ट्रीय अंकचिन्हेच गृहीत धरली आहेत. देवनागरी अंकांच्या ओळी त्याला यादी वाटत नाहीत. त्या सर्व एका परिच्छेदात सलग वाहून जातात. इकडे एडिटरच्या नमुन्यात ‘कोणत्याही लिपीतील अंक’ असा उदार नियम असू शकतो. मग पडद्यावर यादी सुबक रंगलेली दिसते आणि छापलेल्या पृष्ठावर आम्ल आधी घालावयाचे की पाणी, हे वाचकाला गर्दीतून शोधावे लागते.

तिसरे उदाहरण आपल्या भाषेच्या स्वभावाचे आहे. इंग्रजी शब्दाच्या दोन्ही बाजूंस बहुधा मोकळी जागा किंवा विरामचिन्ह असते. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटतो. ‘अणू’ या संज्ञेवर भर देऊन ‘चे’ हा प्रत्यय साधा ठेवावयाचा झाल्यास आपण _अणू_चे असे लिहू. कॉमनमार्कनुसार अधोरेषेची खूण अशी शब्दाच्या पोटात बंद होऊ शकत नाही. त्या रेषा जशाच्या तशा छापल्या जातात. तारकांनी लिहिलेले *अणू*चे मात्र चालते. रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या दुसऱ्या खूणभाषेत तेही चालत नाही. तेथे *अणू*\ चे अशी उलटी तिरपी रेघ मध्ये घालावी लागते. तमिळलाही हाच जाच आहे. तेथेही संज्ञा ‘अणु’ हीच असून तिची षष्ठी ‘अणुविन्’ अशी एकजीव होते. प्रत्यय चिकटविणाऱ्या या दोन भाषांचे दुखणे एकच आहे.

मात्रेला अक्षर न मानणारे यंत्र

याहून मूलभूत अडचण लिपीची आहे. युनिकोडमध्ये आपली मात्रा आणि हलन्त ही स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘स्त्री’ हा एकाक्षरी दिसणारा शब्द यंत्राच्या लेखी सहा चिन्हांचा असतो. नमुने लिहिण्याच्या अनेक साधनांत ‘शब्दातील अक्षर’ या कल्पनेत मात्रेला स्थान नाही. जावास्क्रिप्टमधील त्या अर्थाचे प्रचलित चिन्ह तर रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा यांपलीकडे काही जाणतच नाही. पायथॉन भाषेचे अंगभूत साधन देवनागरी व्यंजने ओळखते, पण मात्रा वगळते. त्यामुळे ‘पाणी’ या शब्दाचे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे होतात. अशा साधनावर रचनारंजन उभारले म्हणजे शब्द जेथे संपत नाही तेथे तो संपला असे ठरते. रंगाची सीमा जोडाक्षराच्या पोटात पडली तर काही एडिटरांत ते जोडाक्षरच फुटते आणि हलन्त उघडा पडतो.

हा दोष कोणी हेतुपुरस्सर केलेला नाही. ज्यांनी नियम लिहिले त्यांच्यासमोर त्यांच्या भाषेतील नमुने होते, आपल्या भाषेतील नमुने त्यांना कोणी दिले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. मात्रा ओळखणारी साधनेही उपलब्ध आहेत. प्रश्न ती निवडण्याचा आहे.

कोणी म्हणेल, लिहिणाराने थोडी शिस्त पाळावी. प्रत्ययासह सबंध शब्दच तारकांत घालावा, अंक आंतरराष्ट्रीय वापरावेत, गुणाकाराला योग्य चिन्ह योजावे. ही शिस्त चांगली आहे आणि तूर्त पाळलीही पाहिजे. परंतु यंत्राच्या अज्ञानाची भरपाई प्रत्येक लेखकाने आयुष्यभर करीत राहावे, हा न्याय नव्हे. शिवाय शिस्त मोडली गेल्याचे लेखकाला सांगावयाचे कोणी? ते काम रंगाचेच आहे.

काय करावे

पहिली सूचना अशी की, रंग देणारे व्याकरण आणि छापणारे व्याकरण शक्यतो एकच असावे. मजकूर बदलत असता त्याचा संपूर्ण अन्वय चटकन पुन्हा लावणाऱ्या पद्धती आज उपलब्ध आहेत. टेक्‌सारख्या भाषेत, जेथे चिन्हाचा अर्थ संहितेच्या मध्येच बदलता येतो, तेथे पूर्ण एकमत साधणार नाही. तेथे एडिटरने निश्चित ठाऊक असेल तेवढेच रंगवावे.

दुसरी सूचना, केवळ रंगावर विसंबू नये. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के लोकांना तांबडा व हिरवा यांतील भेद नीट कळत नाही, असे दिसून आले आहे. आपल्याकडेही असे लोक आहेत. ठळकपणा, तिरपेपणा, अधोरेखन यांची जोड रंगाला असावी. ज्यांना दृष्टीच नाही त्यांचाही विचार हवा. चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील एका प्रयोगशाळेने ‘आचार्य’ या नावाखाली भारतीय भाषांसाठी बहुभाषी एडिटर तयार केला होता आणि त्या कार्यात अंधांच्या गरजाही लक्षात घेतल्या होत्या. संहितेचा अन्वय शुद्ध लागला असेल, तर तोच डोळ्यांना रंगाने आणि कानांना शब्दाने सांगता येतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची सूचना कसोटीपाठांची. _अणू_चे, ३*४*५, देवनागरी अंकांची यादी, जोडाक्षराला लागून आलेली खूण, अशी काही शे लहान वाक्ये मराठीत व तमिळमध्ये रचावीत आणि प्रत्येकापुढे अपेक्षित अन्वय लिहून ठेवावा. रचनारंजनाचे नियम करणाराने या पाठांवर आपले काम पारखावे. अनेक एडिटरांतील असे नियम खुल्या फायलींत असतात. त्यांत सुधारणा सुचविण्यास कोणालाही मज्जाव नाही. मात्र हे पाठ रचण्याचे काम एकट्या अभियंत्याचे नाही. सामान्यरूप कोठे होते आणि प्रत्यय कोठे जुळतो हे ज्याला अंगवळणी पडले आहे, अशा भाषाभ्यासकाने त्यात उतरावे लागेल.

हे काम चेन्नईत व्हावे असे सुचविण्यास कारण आहे. बॉस ही भारतीय भाषांना अनुकूल अशी खुली संगणकप्रणाली प्रगत संगणन विकास केंद्राच्या चेन्नई शाखेने घडविली. तमिळ संगणनाची परंपरा त्या शहरात बळकट आहे, आणि तंजावरच्या मार्गाने आलेले मराठीभाषकही तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. तंजावरला दुसऱ्या सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी देवनागरी मुद्रणालय स्थापन केले, तेव्हाही तमिळ देशात मराठी छापावयाची तर खिळे आणि कारागीर दोन्ही नव्याने सिद्ध करावे लागले होते. आज खिळ्यांची जागा नियमांनी घेतली आहे. ते नियम आपल्या लिपीला साजेसे करून घेण्याचे काम मराठी व तमिळ जाणणाऱ्यांनी एकत्र बसून हाती घेतले, तर भारतातील इतर भाषांनाही त्याचा उपयोग होईल.