टोल, टोला आणि बळी

खारघरमध्ये ‘टोल’ म्हटलं की बॉस, सायन-पनवेल हायवेवरचा २०१५चा नाकाच आठवतो. पण इंग्रजीत चर्चची घंटाही ‘टोल’ करते. सावकाश, एकेक ठोका, बहुतेकदा कुणी गेल्यावर. दोन्ही शब्दांची मुळं वेगळी. घंटेचा टोल बहुधा दोर ओढण्यावरून आला, नाक्यावरचा ग्रीक करावरून. (आपल्याकडे घड्याळाचेही टोले पडतात आणि सचिनही टोलेच हाणायचा!)

‘डेथ टोल’ घंटेचा वाटतो ना? तो निघाला करातून. मोजलेली किंमत.

१६ एप्रिल २०२३ला इथल्याच मैदानावर भर उन्हात महाराष्ट्र भूषण सोहळा झाला. इंग्रजी पेपरांत टोल : १४. मराठीत ‘उष्माघाताचे बळी’. मला मराठीच जास्त बोचलं. व्यासपीठावर छत होतं, श्रोत्यांवर नव्हतं.