पाणी उकळून प्या म्हणता, पण झरा कोणाचा?



मिरग लागला की हागवणीचे, काविळीचे दिवस येतात आणि भिंतीवर लिहिलं जातं, 'पाणी उकळून प्या'. सल्ला खरा आहे. पण गुंडभर पाणी उकळायला लागणारी लाकडं बायाच जंगलातून डोक्यावर आणतात, आणि वाटेत मोळी अडवणाराही सरकारी माणूसच असतो. एक म्हणतो उकळा, दुसरा म्हणतो लाकूड खाली ठेवा. म्हणून आमचं म्हणणं आहे की घरातलं शुद्ध पाणी हा नुसता साफसफाईचा प्रश्न नाही, तो जमिनीच्या हक्काचाही प्रश्न आहे.

आधी आपल्या घरचं बोलू, कारण त्याला कोणाची परवानगी लागत नाही. पाणी दुहेरी कपड्यातून गाळा. गुंड रोज घासा, झाकून उंचावर ठेवा. पाण्यात हात बुडवू नका, लांब दांड्याचा डाव वापरा. विहिरीचं पाणी चांगलं असलं तरी बुडवलेल्या हातानं ते घरात येऊन खराब होतं. निदान लहान लेकरांना आणि आजाऱ्याला उकळलेलंच द्या. रोवणीच्या दिवसात बांधीतलं पाणी पिऊ नका, त्यात खत आणि औषध उतरलेलं असतं. घरून तुंबा भरून न्या. फवारणीचा पंप बोडीत धुवायचा नाही, हेही गावानं ठरवावं.

गाळायचं काय एवढं, असं कोणी म्हणेल. नारूचा रोग आठवा. पायातून हातभर धागा निघायचा. त्याच्यावर लस नव्हती की गोळी नव्हती. लोकांनी पाणी कपड्यातून गाळलं, रोग्याला पाण्यात उतरू दिलं नाही, उघड्या पायविहिरी बंद केल्या. 1996 साली देशातला शेवटचा रोगी सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

आता गावच्या विहिरीचं. टीसीएल पावडर ग्रामपंचायतीकडे असते. हिशेब सोपा आहे, 1000 लिटरला अडीच ग्रॅम. 3 मीटर रुंदीच्या गोल विहिरीत 3 मीटर पाणी असेल तर ते साधारण 21 हजार लिटर होतं, म्हणजे 50 ते 55 ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी विहिरीत टाकायची आणि तासभर पाणी भरायचं नाही. पोतं ओल्यात, उघडं पडलं असेल तर पावडरीत दम राहत नाही. पोतं कधी आलं, कुठं ठेवलं, हे ग्रामसभेत विचारा. विचारणं म्हणजे भांडण नाही.

पण उकळून सगळं जात नाही. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत काही ठिकाणी बोरिंगच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. त्यानं लेकरांच्या दातांवर डाग पडतात, पुढं हाडं धरतात. ते उकळून कमी होत नाही, त्याला दुसरी विहीरच पाहिजे. म्हणून पाण्याची तपासणी मागा आणि तिचा कागद सगळ्यांसमोर वाचून घ्या. वैनगंगेचंही तेच. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळतं, गोसीखुर्दातून खाली आपल्याकडे येतं. शहरानं घाण सोडायची आणि आम्ही उकळून प्यायचं, हा कोणता न्याय?

आमच्या भागातल्या एका टोल्यावर बायांनी उन्हाळाभर नाल्याच्या रेतीत झिरा उकरून पाणी भरलं. विहीर मागितली तर एका कार्यालयातून उत्तर आलं, 'जागा फॉरेस्टची आहे, विहीर होत नाही.' हे उत्तर आता चालत नाही. वनहक्क कायदा 2006, कलम 3(2) वाचा. पिण्याचं पाणी, पाइपलाइन, लहान तलाव यांसाठी 1 हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटायला नकोत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. 1980 चा वनसंरक्षण कायदा त्याला आडवा येत नाही. आणि कलम 5 नं पाण्याचे झरे, पाणलोटाचं जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो गावानं वर्षानुवर्षं बसून अभ्यास केला म्हणून. आपणही बसू शकतो.

येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत तीन ठराव घ्या. टोल्यावर विहिरीसाठी कलम 3(2) ची शिफारस. गावातल्या प्रत्येक विहिरीची, बोरिंगची तपासणी. आणि झऱ्याच्या वरचं जंगल तोडायचं नाही, कोणीच नाही, आपणही नाही. ठरावाची प्रत सही-शिक्क्यासह घेऊनच उठा. पाणी भरणाऱ्या बाया सभेत पुढं बसल्या पाहिजेत, कारण कुठलं पाणी कधी आटतं हे त्यांनाच ठाऊक आहे.

जंगल राखलं तर झरा राहील. झरा आपला राहिला तर गुंडातलं पाणीही शुद्ध राहील.

मावा नाटे मावा राज!