कट्टा जमा करायला वाट तरी ठेवा

भात पोटरीत आलंय, रानडुकरं वाढलीत आणि पारावर पुन्हा तीच चर्चा: "बंदूक पाहिजे." म्हणून आज पिकाचं सोडून बंदुकीचं लिहितो.

गावाकडं विनापरवाना बंदूक दोन जागी निघते. एक माळ्यावर, आज्याची ठासणीची. परवाना आज्याबरोबर गेला, बंदूक राहिली. दुसरी पोराच्या कमरेला, गावठी कट्टा. मे 2023 मध्ये तळेगावात नगरपरिषदेसमोर किशोर आवारेंवर भरदिवसा गोळ्या झाडल्या. तेव्हा हा विषय लांबचा नाही.

आज्याच्या बंदुकीला कायद्यात वाट आहे. शस्त्र कायदा 1959, कलम 21: परवाना संपला की हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करा. 2019 च्या दुरुस्तीनं परवान्यावर दोनच हत्यारं ठेवली, आणि जादाचं जमा करायला वर्षाची मुदत दिली. म्हणजे तीन-तीन बंदुकावाल्याला वर्ष! आणि पोराच्या गादीखाली कट्टा सापडलेल्या बापाला? एक दिवस पण नाही. उलट त्याच दुरुस्तीनं विनापरवाना हत्याराची किमान शिक्षा दोन वर्षं केली. मग बाप काय करणार? विहिरीत टाकणार, नायतर गप्प बसणार. कट्टा गावातच राहणार.

कुणी म्हणेल, गुंड कशाला जमा करतील? नाहीच करणार. त्यांच्यासाठी पोलीस आहेत. पण भीतीनं किंवा मिरवायला ठेवलेलं हत्यार बाहेर येतं. मणिपूरसारख्या पेटलेल्या राज्यात राज्यपालांनी फेब्रुवारी 2025 मध्ये मुदत दिली, तर दोन आठवड्यांत हजाराच्या आसपास हत्यारं जमा झाली. आपल्या गडचिरोलीत लोकांनी स्वतःहून भरमार बंदुका पोलिसांकडं दिल्यात. मग पुणे जिल्ह्याला काय अडचण?

नवा कायदा लागत नाही. कलम 39 वाचा: विनापरवाना हत्याराचा खटला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय उभा राहत नाही. साहेबांनी एक महिना जाहीर करावा. जो स्वतःहून जमा करील, त्याच्यावर नुसतं बाळगल्याबद्दल खटल्याला मंजुरी नाही. हत्यार तपासणीला पाठवा. त्यातून कुणावर गोळी सुटली असेल तर सोडू नका. महिना संपला की मात्र घरोघर झडती घ्या, आमची ना नाही.

आणि डुकरांसाठी कट्टा शोधणाऱ्यांनो, तो डुकरावर कमी आणि भावकीवर जास्त चालतो. नुकसानीचा पंचनामा मागा, रीतसर परवाना मागा.

पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडतोय. नवलाख उंबऱ्यातल्या मंडळींनी हात वर करायला यावं.