चुकारा एक, एसेमेस दोन

मारेगाव तालुक्यातून एका वाचकाचे पत्र आले आहे. एका जिनिंगचे कापूस खरेदीचे सॉफ्टवेअर ते सांभाळतात. चुकाऱ्याचा एसेमेस शेतकऱ्याला दोनदा जातो आणि दुसऱ्या चुकाऱ्याचे पैसे कुठे, हे विचारायला तो खिडकीवर येतो. त्याहून वाईट म्हणजे कधी काटापट्टीची नोंद बसते, चुकाऱ्याची फसते आणि रोलबॅक होत नाही. मेथडवर ट्रान्झॅक्शनल लिहिलेले आहे, हे पत्रात दोनदा अधोरेखित केले आहे.

सोबतच्या फायली उघडल्या आणि नेहमीचेच दुखणे निघाले. स्प्रिंगचे रूट आणि चाइल्ड, दोन्ही कॉन्टेक्स्ट अख्खे पॅकेज स्कॅन करतात. प्रत्येक सर्व्हिस दोनदा जन्मली. कंट्रोलरच्या पदरात घरातली, म्हणजे चाइल्डमधली पडली. ट्रान्झॅक्शनचा टॅग मात्र फक्त रूटमध्ये, त्यामुळे या सर्व्हिसला प्रॉक्सीच नाही. शेड्यूलिंगचा टॅग कोणीतरी दोन्ही फायलींत चिकटवलेला. म्हणून एसेमेस दोन.

चाइल्डला रूटमधले बीन दिसतात, म्हणून रूटची व्यवस्थाही त्याला लागू होते, हा समज काही केल्या जात नाही. बीनपोस्टप्रोसेसर आपल्या कंटेनरपुरताच चालतो. यवतमाळला निघालेला आदेश मारेगावात वाचता येतो. अंमल हवा तर इथल्या टेबलावर वेगळा कागद निघावा लागतो. सरकारी बाबूंना हे उपजतच कळते, आपल्याला स्टॅकट्रेस बघूनही कळत नाही.

दुरुस्ती चार ओळींची. चाइल्डच्या स्कॅनमध्ये डिफॉल्ट फिल्टर बंद करून फक्त कंट्रोलर घ्यायचे, रूटमधून तेवढेच वगळायचे. वाचकाने ती सुचवली. वरच्या कार्यालयाचे उत्तर असे की मंजूर आराखड्याला हात लावल्यास सुरक्षा तपासणी पहिल्यापासून करावी लागेल. त्याऐवजी त्यांनी काय करावे? एसेमेस पुरवठादारालाच दुसरा संदेश अडवायला सांगितले! एकाच दिवशी सारख्याच वजनाच्या दोन बंड्या आणणाऱ्या शेतकऱ्याचा खरा दुसरा संदेशही त्यात अडकला. यावर बैठक झाली म्हणे.

पण नुसते साहेबांना बोलून भागणार नाही. कार्यालयासाठी एक आणि मोबाइलसाठी एक, असे दोन डिस्पॅचरसर्व्हलेट असतील आणि डेटासोर्स सामायिक असेल, तर रूट जरूर ठेवा. एकच सर्व्हलेट असताना ही उतरंड कशाला? सगळी कॉन्फिगरेशन रूटला द्या आणि सर्व्हलेटच्या वाट्याला नल परत करा. स्प्रिंगचे दस्तऐवजही हेच सांगतात. स्प्रिंग बूट 1.0 हे 2014 मध्ये आले, त्यालाही वर्षे उलटली, तिथे साध्या अॅप्लिकेशनला एकच कॉन्टेक्स्ट पुरतो. तरी आपली मंडळी जुन्या प्रकल्पातली वेब.एक्सएमएल वारसाहक्काने पुढे नेतात.

तेव्हा मित्रहो, आजच करा. कुठल्याही एका सिंगलटन सर्व्हिसच्या कन्स्ट्रक्टरमध्ये लॉगची एक ओळ टाका आणि टेस्ट सर्व्हर चालू करा. ओळ दोनदा उमटली, तर दोन्ही फायलींतले स्कॅन तपासा. डेटासोर्सची फाइल दोन्ही कॉन्टेक्स्टमध्ये आहे का तेही पाहा. असेल तर कनेक्शन पूलही दोन उभे आहेत आणि डेटाबेसची मर्यादा नेमकी काट्यापुढे रांग लागल्यावर संपेल. आपापल्या फायली, पासवर्ड आणि कंपनीचे नाव गाळून, आमच्याकडे पाठवा. मारेगावच्या वाचकांची दुरुस्त फाइल पुढच्या अंकात छापत आहोत. त्यांच्या कार्यालयाची मंजुरी तोवर आली, तर तीही छापू.