पपनस आणि प्रेशरची गोळी

प्रेशरची गोळी रोज खाणारे माणूस आता आपल्या वस्तीतही घरोघर दिसते. २०१७-१८ मध्ये रक्तदाब नियंत्रणाचा देशव्यापी उपक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत आपला भंडारा होता. गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळू लागल्या, ही मोठीच सोय झाली. पण गोळी घेणारा एक प्रश्न सहसा विचारीत नाही. या गोळीवर काय खाऊ नये?

आजारी माणसाला फळ द्यावे, फळाने कुणाचे वाईट होत नाही, असे आपण धरून चालतो. बहुतांशी ते खरे आहे. मात्र ग्रेपफ्रूट नावाचे फळ त्याला अपवाद आहे. नावात द्राक्ष असले तरी ते संत्र्या-मोसंबीच्या कुळातले, कडवट चवीचे फळ. आपल्याकडे ते क्वचितच दिसते, पण त्याचे भावंड आपल्या ओळखीचे आहे. ते म्हणजे पपनस. कोणी त्याला चकोतराही म्हणतात. जो गुण ग्रेपफ्रूटचा, तोच पपनसाचाही.

ही गोष्ट कळली ती अचानक. कॅनडात डॉ. डेव्हिड बेली व त्यांचे सहकारी फेलोडिपीन या प्रेशरच्या औषधावर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव कळू नये म्हणून त्यांनी ती ग्रेपफ्रूटच्या रसात दिली. रक्तात औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाले. दोष दारूचा नव्हता, रसाचा होता. १९९१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. संत्र्याच्या रसाने मात्र असे काही झाले नाही. तेव्हा नागपूरचे संत्रे आणि मोसंबी खुशाल खा.

असे का होते? आम्ही डॉक्टर नाही, हिशेबाचा माणूस आहोत. म्हणून हिशेबाच्याच भाषेत सांगतो. पगारातून जशी वजावट होते, तशी काही औषधांतून आतड्यातच वजावट होते. ती धरूनच डॉक्टर गोळीचे प्रमाण ठरवतात. हे फळ ती वजावट बंद पाडते. मग एकच गोळी खाल्ली तरी अंगाला दोन-तीन गोळ्यांइतके औषध लागते. प्रेशर एकदम उतरते, चक्कर येते, म्हातारे माणूस पडते.

सगळ्याच गोळ्यांचे असे नाही. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या अॅम्लोडिपीनवर परिणाम थोडाच होतो. फेलोडिपीन आणि निफेडिपीन यांना जपावे. कोलेस्टेरॉलच्या सिमवास्टॅटिनला फार, अॅटोरवास्टॅटिनलाही काही प्रमाणात धोका आहे. त्यात स्नायू दुखतात, लघवी काळपट होऊ शकते. फिटसाठी कार्बामाझेपीन घेणाऱ्यांनी आणि मूत्रपिंड बदललेल्यांनी तर हे फळ टाळावेच.

सकाळी फळ, रात्री गोळी, असे अंतर ठेवून भागत नाही. बंद पडलेली वजावट पूर्ववत व्हायला एक ते तीन दिवस लागतात.

मात्र हे वाचून कुणी गोळी बंद करू नये. प्रेशरची गोळी सोडल्याने लकवा मारण्याचा धोका फळापेक्षा कितीतरी मोठा आहे. सोडायचे ते फळ, गोळी नव्हे.

अनेक जण गोळ्यांची चिठ्ठी वाचून घ्यायला आमच्याकडे येतात. पाकीट असते, नाव माहीत नसते. म्हणून घरातल्या शिकत्या मुलामुलींना सांगणे आहे, आजी-आजोबांच्या सगळ्या गोळ्यांची नावे एका वहीत लिहून काढा. वैदूची, जडीबुटीचीही लिहा. पुढच्या खेपेला वही दवाखान्यात न्या आणि विचारा, "यावर काय खाऊ नये?" विचारायला लाजू नका. औषध आपल्या अंगात जाते, तर त्याची माहिती मिळणे हाही आपला हक्कच आहे.