सूपातले पाणी कोणी मोजायचे?

(१)
अवचित पाहुणे आले की आमटीत तांब्याभर पाणी वाढवायचे, ही युक्ती मराठी घरांना सांगावी लागत नाही. एका जेवणापुरती ती खपूनही जाते. तीच युक्ती भुकेल्या माणसांच्या रोजच्या आहाराचे धोरण झाली, तेव्हा काय घडले? ‘स्वस्त, पौष्टिक घरगुती सूप’ या आजच्या लोकप्रिय सल्ल्यामागचा इतिहास सांगणारा हा धागा.

(२)
१ जानेवारी १७९०. म्युनिक शहरात सैनिक भिकाऱ्यांना धरून एका कार्यशाळेत नेऊ लागले. योजना होती बेंजामिन थॉम्पसन याची. अमेरिकेत जन्मलेला हा भौतिकशास्त्रज्ञ तेव्हा बव्हेरियाच्या सेवेत होता. पुढे तो काउंट रम्फर्ड म्हणून प्रसिद्धी पावला. कार्यशाळेत लोकांना काम मिळे आणि जेवणही. कमीत कमी खर्चात अधिकाधिक पोटे कशी भरतील, याचे तो प्रयोगशाळेत करावेत तसे प्रयोग करू लागला.

(३)
त्याच्या सूपात बार्ली, वाळलेले वाटाणे, पुढे बटाटे, मीठ, व्हिनेगर आणि शिळ्या पावाचे तुकडे असत. बटाट्याविषयी लोकांच्या मनात अढी होती, म्हणून आरंभी तो त्यांच्या नकळत घातला गेला. पाव कडक असावा, म्हणजे चावायला वेळ लागून खाण्याचे समाधान लांबते, इतका बारीक विचार त्यामागे होता.

(४)
कृती पुष्कळ अंशी शहाणपणाची होती. मात्र रम्फर्डचा एक ठाम समज होता: धान्यासह दीर्घकाळ शिजवलेले पाणी स्वतःच पोषण करते. हा समज चुकीचा होता. पिष्ट फुगून सूप दाट दिसते. त्या पाण्यातून उष्मांक मिळत नाहीत. तरीही त्याचे सूप युरोपभरच्या दानशूरांनी उचलून धरले.

(५)
आता आयर्लंड. १८४५ पासून रोगाने बटाट्याचे पीक नासत गेले आणि भीषण दुष्काळ पडला. १८४७ मध्ये सरकारने लंडनच्या रिफॉर्म क्लबचा नामांकित फ्रेंच बल्लव अलेक्सिस सॉयेर यास डब्लिनला पाचारण केले. एप्रिलमध्ये त्याचे आदर्श स्वयंपाकघर उघडले. घंटा वाजली की शंभर जणांची पंगत आत येई. चमचे साखळीने बांधलेले असत.

(६)
त्याच्या एका कृतीत दोन गॅलन, म्हणजे सुमारे ९ लिटर पाण्याला पाव पौंड गोमांस, थोडी चरबी, अर्धा पौंड पीठ, अर्धा पौंड बार्ली आणि थोड्या भाज्या आहेत. हिशेब करून पाहा: लिटरमागे धान्य जेमतेम ५० ग्रॅम! दिवसातून एकदा पोटभर हे सूप आणि जोडीला एक बिस्किट घेतल्यास धडधाकट माणूस तगेल, असा सॉयेरचा दावा होता. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यावर कठोर टीका केली.

(७)
दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच वर्षी जुलैमध्ये आयर्लंडभरच्या सरकारी सूपकेंद्रांतून रोज सुमारे ३० लाख लोकांना शिजवलेले अन्न मिळत होते. बऱ्याच ठिकाणी ते पातळ सूप नव्हते, तर मका आणि तांदळाची दाट लापशी होती. दुष्काळातील सरकारी उपायांपैकी हा सर्वांत परिणामकारक ठरल्याचे अनेक इतिहासकार मानतात. दुष्काळ संपण्याआधीच सरकारने तो गुंडाळला.

(८)
म्हणून माझे मत असे: दोष सूपाचा नाही, आणि काटकसरीचाही नाही. रम्फर्ड आणि सॉयेर दोघेही सद्हेतूने झटले. परंतु वाडगे किती भरले याची मोजदाद झाली, वाडग्यात सुके धान्य किती याची पुरेशी झाली नाही. शिवाय माप ठरवणाऱ्याला स्वतः त्यावर दिवस काढायचे नव्हते. घरच्या चुलीवर ही चूक सहसा टिकत नाही, कारण शिजवणारी व्यक्ती त्याच भांड्यातले जेवते.

(९)
आपल्याकडचे कळण आठवा. कुळीथ शिजवून वरचे पाणी ताक-लसणाबरोबर प्यायचे आणि खालच्या दाण्यांची उसळ करायची. हुलग्याच्या पिठाचे माडगेही तसेच. कुळीथ आणि हुलगा ही एकाच कडधान्याची नावे. कोरडवाहू, हलक्या जमिनीत येणाऱ्या या धान्याने गरिबाच्या ताटात प्रथिने आणली. इथे स्वस्ताई धान्याच्या निवडीतून आली आहे.

(१०)
तेव्हा खोलीवर राहणाऱ्या माझ्यासारख्या विद्यार्थ्यांसाठी एक माप. दोघांना ८० ग्रॅम मूग किंवा मसूरडाळ, ६०० मिलिलिटर पाणी, दुधी किंवा पालक, लसूण, हळद, मीठ. कुकरमध्ये मऊ शिजवून रवीने घोटावे, वरून जिऱ्याची फोडणी, शेवटी लिंबू. माणशी सुमारे ९ ग्रॅम प्रथिने मिळतात आणि दाटपणा सॉयेरच्या सूपाच्या अडीचपटीहून अधिक. तरी हे पूर्ण जेवण नव्हे. सोबत भाकरी किंवा भात हवाच.

(११)
शालेय पोषण आहाराच्या निकषांत प्राथमिक वर्गातल्या मुलामागे रोज २० ग्रॅम डाळ आणि १०० ग्रॅम धान्य सांगितले आहे. हे माप कच्च्या धान्याचे आहे, शिजलेल्या वाडग्याचे नाही, आणि ते तसेच असायला हवे. आपल्या गावच्या शाळेत वरण पातळ दिसले, तर डाळ किती ग्रॅम पडली, एवढेच विचारावे.

(१२)
आपल्या भागात कळण, माडगे किंवा तत्सम पदार्थ कसा करतात, त्यात कोणते धान्य किती पडते, ते मापासह खाली अवश्य लिहा.