बीपीची गोळी परस्पर बंद करू नका

शेतीच्या पानावर दवाखान्याची गोष्ट कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण कांदा लागवडीच्या ऐन घाईत घरातला कर्ता माणूस लकव्याने खाटेला खिळला, तर त्या घराचा अख्खा हंगाम जातो. म्हणून हा विषय.

पिंपळनेर भागात बांधावर बोलता बोलता पुष्कळ जण सांगतात, "साहेब, बीपी नॉर्मल आला, गोळी सोडली." अहो, तो नॉर्मल आला तोच मुळी गोळीमुळे!

बीपीसाठी सरकारी दवाखान्यात बऱ्याचदा पहिली दिली जाते ती ॲम्लोडिपिन. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायू असतात. त्यांत कॅल्शियम शिरले की ते आवळतात, नळी अरुंद होते, दाब चढतो. ही गोळी कॅल्शियमची वाट अडवते व नळी सैल पडते. तिचा पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. सोडल्यावरही एक-दोन दिवस असर अंगात राहतो. त्यामुळे "सोडली तरी काही झाले नाही" असे वाटते आणि माणूस फसतो. चढलेला दाब बहुधा दुखत-खुपत नाही.

काहींच्या घोट्यांना सूज येते. हा या गोळीचा माहीत असलेला त्रास आहे. पण सुजेची कारणे इतरही असतात. तेव्हा डॉक्टरांना पाय दाखवा. ते मात्रा कमी करतील किंवा गोळी बदलतील. शेजाऱ्याची गोळी मात्र घेऊ नका. आणखी एक घोटाळा म्हणजे सरकारी पाकीट आणि मेडिकलवरचे पाकीट, नावे निराळी, आत औषध एकच, आणि माणूस दोन्ही गिळतो. पाकिटावरचे बारीक अक्षर शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या.

नोव्हेंबर २०१७ मध्ये देशातल्या पाच राज्यांत २५ जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. आपल्या राज्यातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा त्यात होते. ठरलेली मोजकी औषधे, गावाजवळच गोळ्या आणि न आलेल्या रुग्णाची विचारपूस, एवढाच त्याचा गाभा. यात न जमण्यासारखे काय आहे?

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी पुढच्या ग्रामसभेत उपकेंद्राला दोनच गोष्टी विचाराव्यात: महिनाभराच्या गोळ्या एकदम मिळतात का, आणि बीपी मोजायचे यंत्र चालू आहे का? वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे वारंवार निघाला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठावे; लागवड दोन दिवस मागे पडली तरी चालेल.